वीसची बेरीज

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, १९७७ साली प्रत्येक संघ हंगामाआधी सहा सराव सामने खेळायचा आणि मग जय-पराजय मोजले जाणारे चौदा. १९७८ मध्ये सरावाचे चार आणि हंगामाचे सोळा झाले. २०२१ पासून तीन आणि सतरा आहेत. आता मालकांना दोन आणि अठरा हवे आहेत. चारही वेळा बेरीज वीसच येते. लीगचे कमिशनर रॉजर गुडेल यांनी एप्रिल २०२४ मध्ये ही इच्छा उघडपणे बोलून दाखवली. सराव सामने त्यांना फारसे आवडत नाहीत, आणि त्यातला एक काढून त्या जागी खरा सामना ठेवता आला तर ते केव्हाही तयार आहेत.

ऐकताना यात खटकण्यासारखं काही वाटत नाही. सामने तेवढेच, फक्त त्यातले फिके काढून रंगतदार घालायचे. प्रेक्षक खूश, वाहिन्या खूश, आणि वीस सामन्यांचे वीसच राहिले म्हणजे खेळाडूंवरचा भारही तेवढाच. यातला शेवटचा भाग मला पटत नाही. बेरीज बरोबर आहे, पण वजा होणारा सामना एका माणसाचा आहे आणि मिळवला जाणारा दुसऱ्याचा. ते कसं, हे समजायला या खेळाच्या वर्षभराच्या घडणीत थोडं आत शिरावं लागतं.

आधी खेळ. आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की जो डोळ्यांसमोर येतो तो हा नव्हे. अकरा विरुद्ध अकरा, शंभर यार्डांचं मैदान, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू. ज्यांच्याकडे चेंडू त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. जमलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांकडे जातो. एक प्रयत्न काही सेकंदांत संपतो, पण तेवढ्या वेळात आघाडीच्या रांगेतले सव्वाशे-दीडशे किलोंचे खेळाडू पूर्ण ताकदीनिशी एकमेकांवर आदळतात. एका सामन्यात एका संघाच्या चढाईचे असे साठ-पासष्ट प्रयत्न होतात. आघाडीच्या रांगेतला नेहमीचा खेळाडू, ज्याला लाइनमन म्हणतात, त्यातला बहुधा एकही चुकवत नाही. म्हणजे सतरा सामन्यांत हजार-अकराशे टकरी, आणि त्याही फक्त सामन्यांतल्या. बेसबॉलचा संघ हंगामात १६२ सामने खेळतो, बास्केटबॉलचा ८२, आणि फुटबॉलचा १७, याचं कारण हेच आहे. दोन सामन्यांमध्ये आठवडाभराचं अंतर ठेवलं तरी शरीर पूर्ण भरून येत नाही. आणि गुरुवारचा सामना वाट्याला आला की रविवारनंतर मधे जेमतेम तीन दिवस मिळतात.

आता वर्ष. जुलैच्या अखेरीस सराव शिबिरं सुरू होतात तेव्हा प्रत्येक संघाकडे नव्वद खेळाडू असतात. ऑगस्टमध्ये सराव सामने होतात आणि महिन्याच्या शेवटी नव्वदाचे त्रेपन्न करावे लागतात. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे असतो. त्याच आठवड्यात खरा हंगाम सुरू होतो आणि अठरा आठवडे चालतो: सतरा सामने आणि एक सुट्टीचा आठवडा, ज्याला तिथे ‘बाय’ म्हणतात. जानेवारीच्या सुरुवातीला बत्तिसांपैकी चौदा संघ बाद फेरीत जातात आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, होतो. भारतात तेव्हा सोमवारची पहाट असते.

नव्वदाचे त्रेपन्न, हा या सगळ्या वादाचा गाभा आहे असं मला वाटतं, आणि चर्चेत नेमका तोच मागे पडतो. प्रत्येक संघातून सदतीस जण कमी होतात. बत्तीस संघांचा हिशोब केला तर ११८४. दोन-तीन दिवसांत एवढ्या माणसांची नोकरी जाते. त्यातल्या काहींना संघ आपल्या सराव तुकडीत परत घेतो. प्रत्येक तुकडीत सोळा-सतरा जागा, पगार बराच कमी, आणि सामन्याच्या दिवशी बहुतेक वेळा बाहेर बसणं. बाकीचे घरी जातात.

हे सदतीस कोण? काही वय झालेले, काही दुखापतीतून परतणारे, पण बरेचसे नुकतेच कॉलेजातून आलेले. दर एप्रिलमध्ये ड्राफ्ट होतो. सात फेऱ्यांमध्ये संघ आळीपाळीने अडीचशेहून थोडे अधिक खेळाडू निवडतात. ज्यांचं नाव सात फेऱ्यांतही पुकारलं जात नाही, त्यांना संघ मागाहून छोट्याशा रकमेवर करारबद्ध करून शिबिराला बोलावतात. प्रशिक्षकांचा बहुतेक वेळ नेहमीच्या खेळाडूंवर जातो, त्यामुळे शिबिरात या मुलांच्या वाट्याला फार थोडे प्रयत्न येतात. त्यांना मोकळं मैदान मिळतं ते सराव सामन्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात. तोवर नामवंत खेळाडू टोपी घालून कडेला उभे असतात आणि स्टेडियम अर्धं रिकामं झालेलं असतं. टीव्हीवर हा भाग कंटाळवाणा वाटतो हे खरं आहे. नावं अनोळखी, चुका भरपूर. पण मैदानावरच्या बावीस जणांपैकी अनेकांसाठी ती आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची पंधरा मिनिटं असतात.

आणि ती मिनिटं फक्त आपलेच प्रशिक्षक बघत नाहीत. सराव सामन्याचं चित्रीकरण इतर एकतीस संघांचे निवडकर्तेही तपासतात. चार वर्षं पूर्ण न झालेल्या खेळाडूला संघाने सोडलं की तो आधी एका यादीवर जातो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत इतर कोणताही संघ त्याला मागू शकतो. मागच्या वर्षी ज्याची कामगिरी सर्वांत वाईट त्याला पहिला हक्क. एका संघात पाचवा ठरलेला खेळाडू दुसरीकडे तिसरा ठरू शकतो. पण दुसऱ्या संघाने त्याला कधी पाहिलेलंच नसेल तर मागणार कशाच्या बळावर?

सराव सामन्याची ही बाजू आणि त्याची काळी बाजू एकाच दिवशी दाखवणारा प्रसंग म्हणजे २८ ऑगस्ट १९९९. सेंट लुइस रॅम्स विरुद्ध सॅन डिएगो चार्जर्स, सराव सामना. रॅम्सने त्याच वर्षी ट्रेंट ग्रीन हा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, मोठ्या अपेक्षेने आणला होता. चेंडू फेकल्यानंतर चार्जर्सचा रॉडनी हॅरिसन त्याच्या गुडघ्यावर आदळला, अस्थिबंध तुटला आणि ग्रीनचा अख्खा हंगाम सुरू होण्याआधीच संपला. ज्याचा निकाल कुठेही मोजला जात नाही अशा सामन्यात. सराव सामने कमी करा म्हणणाऱ्यांना यापेक्षा बोलकं उदाहरण सापडणार नाही.

त्याच्या जागी कर्ट वॉर्नर उभा राहिला. ड्राफ्टमध्ये त्याचं नाव पुकारलं गेलं नव्हतं. १९९४ मध्ये ग्रीन बे पॅकर्सने त्याला शिबिरातूनच परत पाठवलं होतं. त्यानंतर तो आयोवातल्या एका सुपरमार्केटमध्ये रात्रपाळीला फळ्यांवर माल लावत असे. मग छपराखालच्या छोट्या मैदानावर खेळली जाणारी अरीना लीग, मग युरोपात ॲम्स्टरडॅमचा संघ, मग रॅम्सच्या यादीत शेवटच्या जागांपैकी एक. त्या हंगामात त्याने ४१ टचडाउन पास (ज्यांवर चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोचून गुण मिळतात) फेकले, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि ३० जानेवारी २००० रोजी टेनेसी टायटन्सला २३-१६ ने हरवून सुपर बोल जिंकला.

न्यू जर्सीतल्या पॅटरसनचा व्हिक्टर क्रूझ हे दुसरं नाव. तोही न निवडला गेलेला. १६ ऑगस्ट २०१० ला जायंट्स आणि जेट्स यांच्यातल्या सराव सामन्यात त्याने तीन टचडाउन केले. जायंट्सच्या शिबिरातल्या गर्दीत हरवून गेला असता असा हा मुलगा एका रात्रीत सगळ्यांच्या नजरेत भरला. पुढच्याच वर्षी त्याने १५३६ यार्डांचे झेल घेतले आणि जायंट्सने सुपर बोल जिंकला. दुखापत आणि संधी एकत्र येण्याचा प्रकार २०१६ मध्ये पुन्हा घडला. सिअ‍ॅटलमधल्या सराव सामन्यात डॅलसच्या टोनी रोमोच्या मणक्याला इजा झाली, चौथ्या फेरीत निवडलेला डॅक प्रेस्कॉट पुढे आला आणि डॅलसने सोळापैकी तेरा सामने जिंकले.

अशा दुखापती पाहून प्रशिक्षक शहाणे झाले. पूर्वी चारांपैकी तिसरा सराव सामना ही रंगीत तालीम मानली जायची आणि नेहमीचे खेळाडू त्यात निम्मा वेळ तरी खेळायचे. रॅम्सच्या शॉन मॅकव्हे यांनी गेल्या काही वर्षांत आपल्या मुख्य खेळाडूंना सराव सामन्यांत उतरवणं जवळपास बंदच केलं. त्यांचा संघ २०१८ च्या हंगामात सुपर बोलपर्यंत पोचला आणि २०२१ च्या हंगामात तो जिंकला, तेव्हा हा विचार पुष्कळांना पटला. त्याऐवजी दोन संघ दोन-तीन दिवस एकत्र सराव करतात. तिथे क्वार्टरबॅकला कोणी हात लावायचा नाही असं ठरवता येतं आणि हवा तो प्रसंग पुन्हा पुन्हा घडवता येतो.

याचा परिणाम काय झाला ते बघा. आघाडीच्या रांगेतल्या एखाद्या अव्वल खेळाडूच्या बाजूने मोजलं तर काढून टाकलेल्या सराव सामन्यात तो शून्य ते दहा प्रयत्न खेळला असता. नव्याने घातलेल्या सामन्यात तो साठ-पासष्ट खेळणार. म्हणजे त्याच्या हिशोबात ‘एक वजा, एक अधिक’ असं काही नसतं. त्याच्यासाठी ती निव्वळ भर आहे. आणि न निवडल्या गेलेल्या मुलाच्या बाजूने मोजलं तर सराव सामना हाच त्याचा पूर्ण हंगाम होता. त्याच्यासाठी ती निव्वळ वजाबाकी. १९७८ मध्ये हे अदलाबदलीचं गणित निदान काहीसं खरं होतं, कारण तेव्हा नेहमीचे खेळाडू सरावातही बराच वेळ खेळायचे. आज ते तसं उरलेलं नाही.

मालकांना अठरावा सामना का हवा, याचं उत्तर पैसा एवढंच देऊन भागत नाही. पैसा कुठून कसा येतो ते पाहिलं पाहिजे. मार्च २०२१ मध्ये लीगने वाहिन्यांशी अकरा वर्षांचे जे करार केले त्यांची एकूण किंमत सुमारे ११० अब्ज डॉलर आहे. हे देशभरच्या प्रक्षेपणाचे पैसे बत्तीस संघांत समान वाटले जातात. सोळा सामने असताना हंगामात २५६ लढती व्हायच्या, सतरामुळे २७२ झाल्या, अठरा केले तर २८८ होतील. सराव सामने मुख्यतः स्थानिक वाहिन्यांवर जातात, त्यांना असं मोल नाही. २०२९ च्या हंगामानंतर लीगला यातल्या बहुतेक करारांतून बाहेर पडून नव्याने बोलणी करता येतील. त्या बैठकीला जाताना हातात १६ लढती जास्त असाव्यात, हे मालकांच्या दृष्टीने साहजिक आहे.

दुसरं कारण परदेशातले सामने. २०२५ मध्ये लंडन, डब्लिन, बर्लिन, माद्रिद आणि साओ पाउलो मिळून सात सामने झाले. गुडेल यांना ते सोळापर्यंत न्यायचे आहेत, म्हणजे प्रत्येक संघाला वर्षाला एक. घरचा सामना परदेशी नेला की स्थानिक तिकीटधारक नाराज होतात. एकूण सामने वाढले तर त्यातला एक देणं सोपं जातं.

तिसरं कारण मला खरोखर न्याय्य वाटतं. सतरा ही विषम संख्या आहे. अर्ध्या संघांना घरच्या मैदानावर नऊ सामने मिळतात आणि अर्ध्यांना आठ, दर वर्षी आलटून पालटून. सतरावा सामना कोणाशी, हेही थोडं ओढूनताणून ठरवावं लागलं. आपल्या गटातल्या तिघांशी दोनदा, म्हणजे सहा. आपल्याच कॉन्फरन्समधल्या, म्हणजे लीगच्या दोन अर्ध्यांपैकी आपल्या अर्ध्यातल्या, एका गटाशी चार, दुसऱ्या कॉन्फरन्समधल्या एका गटाशी चार. मागच्या वर्षी त्याच क्रमांकावर राहिलेल्या आपल्या कॉन्फरन्समधल्या दोघांशी दोन. इथवर सोळा सुबक जमतात. सतरावा दुसऱ्या कॉन्फरन्समधल्या समान क्रमांकाच्या संघाशी जोडलेला आहे. अठरा झाले तर सगळ्यांना घरी नऊ आणि बाहेर नऊ मिळतील.

प्रेक्षकांचीही एक रास्त तक्रार यात सुटते. हंगामाचं तिकीट घेणाऱ्याला बहुतेक ठिकाणी सराव सामन्याचे पैसेही भरावे लागतात. तो बघायचा नसला तरी. शिवाय त्या सामन्यात खेळणाऱ्यांना पगार मिळत नाही. पगार खरा हंगाम सुरू झाल्यावर हप्त्याहप्त्याने येतो, आणि ऑगस्टमध्ये फक्त ठरावीक साप्ताहिक भत्ता. २०२५ मध्ये नवख्या खेळाडूचा किमान वार्षिक पगार ८,४०,००० डॉलर होता. पण त्याचा पहिला हप्ता त्रेपन्नांत नाव आल्यावरच, सप्टेंबरमध्ये मिळतो. म्हणजे ऑगस्टमध्ये तिकिटाचे पैसे घेतले जातात आणि मैदानावरचा माणूस भत्त्यावर असतो. ही रीत बदलायलाच हवी. सामना रद्द करणं हा त्यावरचा एकमेव उपाय नाही, इतकंच.

मालकांनी अठरा सामन्यांचा प्रस्ताव पहिल्यांदा जोरात मांडला तो २०१० च्या सुमारास. खेळाडू संघटनेने साफ नकार दिला. २०११ मध्ये मार्चपासून जुलैपर्यंत मालकांनी टाळेबंदी केली. शेवटी जो करार झाला त्यात सोळाच राहिले, उलट दिवसातून दोनदा पूर्ण पोशाखात भिडण्याचा सराव बंद झाला आणि हंगामात असे जोराचे सराव फक्त चौदा ठेवायचे असं ठरलं. मैदानातल्या टकरींइतक्याच सरावातल्या टकरीही धोक्याच्या असतात, हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं. डॉ. बेनेट ओमालू यांनी माइक वेब्स्टर या माजी लाइनमनच्या मेंदूत आढळलेले बदल २००५ मध्ये प्रसिद्ध केले होते. पुढे २०१७ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एनएफएलच्या १११ मृत खेळाडूंचे मेंदू तपासले आणि ११० मध्ये सीटीई हा ऱ्हासाचा आजार आढळला. त्रास होत होता म्हणूनच बऱ्याच कुटुंबांनी ते मेंदू दान केले होते, त्यामुळे या आकड्यावरून सगळ्या खेळाडूंचं प्रमाण काढता येत नाही. तरी एका हंगामात आणखी साठ टकरी घालताना तो आकडा डोळ्यांआड करता येईल असं मला वाटत नाही.

सतरावा सामना आला तो २०२० च्या करारातून. खेळाडूंच्या वाट्याला उत्पन्नाचा ४७ ऐवजी निदान ४८ टक्के हिस्सा, आणि सतरा सामने झाल्यास तो आणखी वर. नवख्यांचा किमान पगार एका वर्षात ४,९५,००० वरून ६,१०,००० डॉलर. सामन्याच्या दिवशी ४६ ऐवजी ४८ खेळाडू तयार. सराव तुकडी मोठी. मतदान झालं तेव्हा बाजूने १०१९ आणि विरोधात ९५९ मतं पडली. फक्त साठ मतांचा फरक. ॲरन रॉजर्स, जे. जे. वॉट, रिचर्ड शर्मन अशा नामवंतांनी उघड विरोध केला होता, कारण सतराव्या सामन्याचा भार त्यांच्या शरीरावर येणार होता. बाजूची मतं गुप्त असली तरी कमी पगारावर खेळणाऱ्यांना या करारात मोठी वाढ होती. संघटनेच्याच आकड्यांनुसार खेळाडूची कारकीर्द सरासरी ३.३ वर्षांची असते (हा आकडा लीगला मान्य नाही). दोन-तीन वर्षांचाच खेळ हाती असताना आज लाखभर डॉलर जास्त मिळत असतील तर माणूस ते घेणारच, आणि त्याला दोष देता येणार नाही.

पण ज्याचा सराव सामना या करारात वजा झाला, तो मतदानात कुठेच नव्हता. २०२१ च्या ऑगस्टमध्ये शिबिराला येणारी मुलं २०२० च्या मार्चमध्ये कॉलेजात होती. त्यांच्या वतीने बोलायला कोणी बसलेलं नव्हतं. संघटनेने मुद्दाम दुर्लक्ष केलं असं मी म्हणत नाही. संघटना आपल्या सभासदांची असते आणि ही मुलं अजून सभासद व्हायची होती. मालक तिकिटाचा आणि वाहिन्यांचा विचार करतात, खेळाडू पगाराचा आणि गुडघ्यांचा, आणि नव्वदावा माणूस दोघांच्याही कागदावर येत नाही.

माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाणारा एक पुरावा आहे आणि तो महत्त्वाचा आहे. २०२० मध्ये कोविडमुळे एकही सराव सामना झाला नाही. तरीही जॅक्सनव्हिलच्या जेम्स रॉबिन्सनने, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणी निवडलं नव्हतं, पहिल्याच हंगामात चेंडू घेऊन धावत एकूण १०७० यार्डांची मजल मारली. म्हणजे सराव सामन्याशिवायही चांगला खेळाडू शोधता येतो. हे मला मान्य आहे, पण रॉबिन्सनला शोधलं ते त्याच्या स्वतःच्या प्रशिक्षकांनी, रोजच्या सरावात. दुसऱ्या संघाला त्याला पाहायचं असतं तर काय साधन होतं? एकत्रित सरावाचंही तसंच आहे. त्यात प्रशिक्षकांना हवं ते शिकता येतं, पण त्याचं चित्रीकरण त्या दोन संघांपलीकडे जात नाही. शिवाय सामना वाढला की दुखापती वाढतात, आणि दुखापती वाढल्या की सराव तुकडीतल्या कुणाला तरी डिसेंबरमध्ये बोलावणं येतं. तळाच्या माणसाला अठराव्या सामन्याने काहीच मिळत नाही असं म्हणता येणार नाही. पण त्यासाठी आधी सराव तुकडीत तरी जागा मिळायला हवी, आणि ती ऑगस्टमध्ये ठरते.

अठरा सामने आणि दोन सराव सामने ही रचना प्रत्यक्षात कुठे चालते का? शेजारच्या कॅनडात. कॅनेडियन फुटबॉल लीग १९८६ पासून अठरा सामने खेळते आणि तिथे सराव सामने दोनच असतात. नियम थोडे वेगळे आहेत, मैदान मोठं, दहा यार्डांसाठी प्रयत्न तीनच. पण खेळ तोच आणि टकरीही त्याच. ते कसं निभावतात हे पाहिलं तर पहिलीच गोष्ट नजरेत येते: त्यांचा हंगाम एकवीस आठवड्यांचा आहे आणि प्रत्येक संघाला तीन आठवडे सुट्टी मिळते. एनएफएलमध्ये आज एक मिळते.

एनएफएलने दोन सुट्ट्या एकदा करून पाहिल्या होत्या. १९९३ मध्ये सोळा सामने अठरा आठवड्यांत झाले. दर आठवड्याला जास्त संघ बाहेर बसल्याने लढती विरळ झाल्या, वाहिन्यांना ते रुचलं नाही आणि पुढच्याच वर्षी प्रयोग बंद पडला. आज परिस्थिती वेगळी आहे. रविवारच्या दुपारीच सगळे सामने उरकण्याचे दिवस गेले. गुरुवार, सोमवार, युरोपातल्या लढतींमुळे अमेरिकेतली रविवार सकाळ असे सामने आठवडाभर पसरले आहेत, आणि वाहिन्यांना जास्त लढतींइतकेच जास्त आठवडेही हवे आहेत. दुसरी सुट्टी ही एक अशी मागणी आहे जिच्यात खेळाडूचा गुडघा आणि मालकाचा खिसा एकाच बाजूला आहेत.

अडचण कॅलेंडरची. अठरा सामने आणि एक सुट्टी धरली तर एकोणीस आठवडे होतात आणि सुपर बोल फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी येतो. दुसऱ्या दिवशी प्रेसिडेंट्स डेची सार्वजनिक सुट्टी असते. ही जुळणी गुडेल यांना फार आवडते, आणि न्यू जर्सी किंवा डॅलसमधल्या मराठी घरांत सुपर बोलला मंडळी जमतात त्यांनाही ती नक्कीच आवडेल. पण दोन सुट्ट्या धरल्या की वीस आठवडे लागतात. मग एक तर लेबर डेच्या आधी सुरुवात करावी लागेल, किंवा सुपर बोल फेब्रुवारीच्या अखेरीस ढकलावा लागेल. लेबर डेच्या शनिवार-रविवारी कॉलेज फुटबॉलचा हंगाम जोरात सुरू होतो आणि तिथे शिरकाव करणं लीगला आजवर नको होतं. सराव सामने दोन केले तर ऑगस्टमध्ये एक आठवडा मोकळा होतो. तो आठवडा सुट्टीसाठी वापरावा आणि हंगाम लेबर डेच्या आधी सुरू करावा, हे माझ्या मते सर्वांत कमी वाईट उत्तर आहे.

सध्याचा करार २०३० च्या हंगामापर्यंत आहे आणि खेळाडूंच्या संमतीशिवाय अठरावा सामना लादता येत नाही. त्यामुळे संघटनेच्या हातात खरी ताकद आहे. ती पगाराच्या टक्क्यांवर खर्च होईल याची मला भीती वाटते, कारण टक्के मोजता येतात आणि लगेच सांगता येतात. माझ्या यादीत टक्के तिसऱ्या क्रमांकावर असतील. पहिली मागणी म्हणजे आणखी एक सुट्टीचा आठवडा, आणि तिला जोडून एक अट: गुरुवारचा सामना ज्या संघाला, त्याची सुट्टी त्याच्या आधीच्या आठवड्यात. दुसरी गोष्ट संघातल्या जागा. त्रेपन्न हा आकडा वाढवून सत्तावन्न-अठ्ठावन्न केला तर टकरी अधिक शरीरांत वाटल्या जातील. बत्तीस संघांत प्रत्येकी चार-पाच म्हणजे सव्वाशे-दीडशे नव्या नोकऱ्या, आणि त्या नेमक्या नव्वदातल्या शेवटच्या माणसांना मिळतील.

आणि एक गोष्ट ज्याविषयी बोलणी करणाऱ्यांनी विचार करावा असं मला मनापासून वाटतं. तिसरा सराव सामना रद्द करू नये, त्याचं स्वरूप बदलावं. दोन हंगामांहून अधिक अनुभव असलेल्या कुणालाही त्यात उतरता येणार नाही असा नियम करावा. हंगामाच्या तिकिटात तो धरू नये, त्याचं तिकीट वेगळं आणि स्वस्त ठेवावं. खेळणाऱ्यांना त्या दिवसाचा ठरलेला मोबदला द्यावा, आणि चित्रीकरण त्याच रात्री बत्तीसही संघांना मिळावं. म्हणजे ट्रेंट ग्रीनच्या जागी असलेल्याचा गुडघा वाचेल आणि कर्ट वॉर्नरच्या जागी असलेल्याला चेंडू मिळेल. यासाठी खर्चही फार नाही. मैदानं, पंच आणि कॅमेरे ऑगस्टमध्ये तसेही सज्जच असतात.